दोन ट्रान्झिस्टरचा व्होल्टेज कम्पॅरेटर: दोन्ही बेसवर भरपूर व्होल्टेज, मग एकच चालू का?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. डायोड, ट्रान्झिस्टरचा साधा स्विच, फार तर रिले चालवणं, इथपर्यंत माझी गाडी नीट चालते. आता आयसी न वापरता सुट्या ट्रान्झिस्टरांवर व्होल्टेज कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजपैकी कुठलं जास्त ते सांगणारं सर्किट) करायला घेतलाय आणि एका जागी घोडं अडलंय. सर्किट शब्दांत सांगते.

पुरवठा १२ व्होल्ट. क्यू१ आणि क्यू२ दोन्ही बीसी५४७, म्हणजे एनपीएन ट्रान्झिस्टर. दोघांचे एमिटर एकत्र जोडलेले आणि तिथून एकच ४.७ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. क्यू२च्या बेसवर १०-१० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी केलेले ६ व्होल्ट, हा आपला संदर्भ. क्यू२चा कलेक्टर थेट १२ व्होल्टला. क्यू१च्या बेसवर पॉटमधून (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरमधून) येणारं इनपुट. क्यू१चा कलेक्टर १.२ किलोओहममधून १२ व्होल्टला, आणि तिथूनच क्यू३च्या बेसला. क्यू३ बीसी५५७, म्हणजे पीएनपी, त्याचा एमिटर १२ व्होल्टला, कलेक्टरपासून १ किलोओहम, मग एलईडी, मग ग्राउंड.

चालतंय अगदी छान. इनपुट ६च्या वर गेलं की एलईडी लागतो, खाली आलं की विझतो. पण का चालतंय तेच कळत नाहीये. एनपीएनच्या बेसला ०.७ व्होल्ट मिळाले की तो चालू होतो, असं शिकलेय. इथे इनपुट ५ व्होल्ट असताना क्यू१च्या बेसवर ५ आहेत, क्यू२च्या बेसवर ६. दोन्हीकडे ०.७च्या कितीतरी वर. मग क्यू१ बंद कसा?

दुसरं, मल्टिमीटर लावला तर क्यू१चा कलेक्टर १२वरून फक्त ११.३पर्यंतच खाली येतो. मला वाटलं होतं चांगला ६-७ व्होल्टपर्यंत येईल. काही चुकीचं जोडलंय का?

सोल्डरधूर
एलएम३९३ ही आयसी लावा, आठ पायांत दोन कम्पॅरेटर मिळतात. सुट्या ट्रान्झिस्टरांत एवढं अडकायची गरज नाही.

कोरीपाटी
काम करून घ्यायचं असतं तर तेच केलं असतं. मला आत काय चालतं ते समजून घ्यायचंय.

तांबडीतार
मग अगदी योग्य सर्किट हातात घेतलंय तुम्ही. ३९३ असो की नेहमीचा ऑपअँप (दोन इनपुटांतला फरक मोठा करणारी आयसी), दाराशी अशीच जोडी उभी असते. आणि जोडी ट्रान्झिस्टरच्याही आधीची आहे. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३६ साली व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) वापरून तिचं पेटंट मागितलं होतं. ट्रान्झिस्टर १९४७च्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये जन्मला.

आता तुमचा प्रश्न. 'बेसला ०.७ व्होल्ट' हे वाक्य अर्धंच आहे. पूर्ण वाक्य असं: बेस एमिटरपेक्षा साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट वर हवा. साध्या स्विचमध्ये एमिटर ग्राउंडला असतो, म्हणून दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होतो आणि फरक लक्षात येत नाही. इथे एमिटर ग्राउंडला नाही. तो ४.७ किलोओहमच्या डोक्यावर आहे, वर-खाली जायला मोकळा.

त्यामुळे या सर्किटमध्ये नजर आधी एमिटरच्या सांध्यावर ठेवायची. इनपुट ५ व्होल्ट धरा. क्यू२चा बेस ६वर आहे, तो एमिटरला आपल्यामागे ओढत साधारण ५.३५पर्यंत वर नेतो. एमिटर दोघांचा सामाईक आहे. म्हणजे क्यू१चा बेस ५वर आणि त्याचा एमिटर ५.३५वर. त्याच्या दृष्टीने बेस-एमिटर व्होल्टेज उणे ०.३५. चालू कसा होणार?

पॉट फिरवून ७ व्होल्ट करा. आता क्यू१ एमिटरला ६.३५च्या आसपास नेऊन ठेवेल आणि उणे ०.३५ची पाळी क्यू२वर येईल. ज्याचा बेस वर, तो एमिटरचा ताबा घेतो आणि दुसऱ्याला बंद करतो. तुमच्या सर्किटमधली तुलना घडते ती त्या एका सांध्यावर.

मीटरचं काळं टोक एमिटरच्या सांध्यावर ठेवा आणि लाल टोक आळीपाळीने दोन्ही बेसवर लावून पाहा. ग्राउंडपासून मोजलेल्या आकड्यांपेक्षा हे आकडे जास्त बोलतील.

कोरीपाटी
मोजलं! इनपुट ५ असताना एमिटर ५.३४. क्यू२ बेस-एमिटर ०.६३, क्यू१ उणे ०.३४. इनपुट ७ केल्यावर एमिटर ६.३६, क्यू१ ०.६४ आणि क्यू२ उणे ०.३८. हे डोळ्यांनी पाहिल्यावर पहिला प्रश्न सुटला.

पण मग नेमकं ६वर काय होतं? दोघं अर्धे-अर्धे चालू? आणि तो ११.३चा प्रश्न राहिलाच.

बायसबिंदू
हो, ६ला ६ झाले की दोघं अर्धे-अर्धे चालू. त्या सांध्यातून खाली जाणारा प्रवाह मोजा: ५.३५ भागिले ४.७ किलोओहम, म्हणजे साधारण १.१४ मिलिअँपिअर. हा प्रवाह एकच आहे आणि तो दोघांत वाटला जातो. सारखे बेस, तर प्रत्येकी ०.५७.

वाटणी कशी बदलते ते पाहण्यासारखं आहे. ट्रान्झिस्टरचा कलेक्टर प्रवाह बेस-एमिटर व्होल्टेजनुसार घातांकी वाढतो आणि त्याचं माप म्हणजे खोलीच्या तापमानाला साधारण २६ मिलिव्होल्ट. दोन बेसांत १८ मिलिव्होल्टचा फरक पडला की एकाला दुसऱ्याच्या दुप्पट प्रवाह. ६० मिलिव्होल्टला दहापट. १२० मिलिव्होल्टला शंभरपट, म्हणजे दुसरा जवळजवळ बंदच. ६ व्होल्टच्या मानाने १२० मिलिव्होल्ट म्हणजे केवढेसे! म्हणून पॉट फिरवताना आपल्याला 'टच्' असं एकदम उलटल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते घरंगळत जातं, पण फार अरुंद उतारावरून.

आता ११.३. तुम्ही काही चुकीचं जोडलेलं नाही. क्यू१चा कलेक्टर क्यू३च्या बेसला जोडलाय आणि क्यू३चा एमिटर १२ व्होल्टवर आहे. पीएनपीचा बेस त्याच्या एमिटरपेक्षा ०.७ व्होल्टच्या फार खाली जाऊच शकत नाही, तिथे मधे एक सुलट डायोडच आहे. म्हणजे क्यू३ने क्यू१चा कलेक्टर ११.३ला धरून ठेवलाय. क्यू१ आणखी प्रवाह ओढायला लागला तर व्होल्टेज उतरत नाही, तो जास्तीचा प्रवाह क्यू३च्या बेसमधून येतो, आणि आपल्याला हवाय तो नेमका तोच.

हिशेब करा. क्यू१ पूर्ण चालू, सगळा १.१४ त्याच्याकडे. १.२ किलोओहमवर ०.६५ व्होल्ट आहेत, म्हणजे त्यातून ०.५४ येतो. उरलेला ०.६ मिलिअँपिअर क्यू३च्या बेसमधून. एलईडीला हवेत साधारण १० मिलिअँपिअर. बेसला त्याच्या सतराव्या हिश्श्याइतका प्रवाह मिळतोय, म्हणजे क्यू३ सॅच्युरेट, म्हणजे पूर्ण चालू, व्हायला भरपूर.

तांबडीतार
बायसबिंदू यांनी दिलेल्या आकड्यांत एक छान गोष्ट दडलीय. क्यू३ जागा व्हायला १.२ किलोओहमवर ०.६५ व्होल्ट पडले पाहिजेत, त्यासाठी क्यू१मधून ०.५४ हवेत. आणि एकूण प्रवाहाचा निम्मा किती? ०.५७. म्हणजे दोन्ही बेस बरोबरीला आले की क्यू३ जागा होतो. सर्किट काढणाऱ्याने १.२ किलोओहम विचार करून निवडलाय.

घड्याळकाटा
हे वाचून माझं जुनं कोडं पुन्हा डोक्यात आलं. मी हेच सर्किट केलं होतं, फक्त १.२ किलोओहमच्या जागी ४७० ओहम लावला होता. संदर्भ ६ व्होल्टच, पण एलईडी सव्वासातच्या आसपास लागायचा. ट्रान्झिस्टर बदलून पाहिले, संदर्भाचे रेझिस्टर बदलून पाहिले. काही फरक नाही. हे त्या कलेक्टर रेझिस्टरमुळे होतं का?

बायसबिंदू
त्यामुळेच, आणि आकडाही जुळतोय. ४७० ओहमवर ०.६५ व्होल्ट पाडायला १.३८ मिलिअँपिअर हवेत. ६ व्होल्टच्या संदर्भाला खालचा प्रवाहच सगळा मिळून १.१४. क्यू१ने क्यू२ला पूर्ण बंद केलं तरी क्यू३ जागा होणार नाही. मग इनपुट आणखी वाढतं, त्यामागे एमिटर वर जातो, ४.७ किलोओहममधला प्रवाह वाढतो. एमिटर ६.५ला पोचला की १.३८ होतात. त्यात ०.६५ मिळवा, ७.१५. क्यू३ला थोडा बेस प्रवाह हवा, तो धरला की सव्वासात. तुमच्या सर्किटमध्ये क्यू२चा संदर्भ नावालाच होता, निर्णय ४७० आणि ४.७ किलोओहम यांचं गुणोत्तर देत होतं.

उलट बाजूही पाहा. क्यू१च्या कलेक्टरला १.२च्या जागी ४.७ किलोओहम लावला तर क्यू३ला जागं करायला ०.१४ मिलिअँपिअर पुरतात. एलईडी लावायला लागणारा बेस प्रवाह धरून ०.१९ म्हणा. म्हणजे क्यू१कडे एकूण प्रवाहाचा सहावा हिस्सा आला की काम झालं, आणि तो येतो इनपुट संदर्भाच्या ४० मिलिव्होल्ट खाली असतानाच. बऱ्याच कामांना ४० मिलिव्होल्टने बिघडत नाही, पण चूक कुठून येते ते ठाऊक असावं.

सोल्डरधूर
मान्य, हे वाचण्यासारखं आहे. पण एक विचारतो. एकाच ट्रान्झिस्टरने का नाही करायचं? ६ व्होल्टचे डिव्हायडरने, म्हणजे दोन रेझिस्टरांनी भागून, ०.६ करा आणि बेसला द्या. ६च्या वर गेलं की चालू. दोन रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर, संपलं.

तांबडीतार
चालेल, तापमान हलत नसेल तोवर. बेस-एमिटरचं व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्टने घटतं. सकाळ ते दुपार ३० अंशांचा फरक पडला तर ६० मिलिव्होल्ट. आणि तुम्ही इनपुटला १०ने भागलंय, म्हणजे इनपुटकडून पाहिलं तर उंबरठा ६०० मिलिव्होल्टने सरकला. ६ व्होल्टचा कम्पॅरेटर ५.४वर उलटायला लागला. शिवाय ते ०.६ काही काटेकोर नसतं, पिशवीतला ट्रान्झिस्टर बदलला तरी थोडं बदलतं.

जोडीत दोघांचं बेस-एमिटर व्होल्टेज एकदमच घटतं आणि वजाबाकीत निघून जातं. क्यू३चं घटणं मात्र उरतं. त्याचे ६० मिलिव्होल्ट १.२ किलोओहमवर म्हणजे ५० मायक्रोअँपिअर, आणि एवढा प्रवाह क्यू१कडून हलवायला इनपुटला ४-५ मिलिव्होल्ट पुरतात. कुठे ६०० आणि कुठे ५! दुसरा ट्रान्झिस्टर घालण्याचं सगळं सार्थक इथे आहे.

अट एकच, दोघांचं तापमान सारखं हवं. कोरीपाटी, एक प्रयोग करा. पॉट अगदी उंबरठ्याच्या किंचित खाली आणून ठेवा, एलईडी जेमतेम विझलेला. मग क्यू१चं प्लॅस्टिकचं अंग दोन बोटांत धरा, पायांना हात लागू देऊ नका.

कोरीपाटी
केला. पाच-सात सेकंदांत एलईडी हळूहळू उजळला! बोटं काढली की थोड्या वेळाने पुन्हा विझला. मग क्यू२ धरला तर उलटं, लागलेला एलईडी मंदावला. क्यू१ गरम झाला, त्याला आता कमी बेस-एमिटर व्होल्टेज पुरतं, म्हणून तो आधी चालू होतो. बरोबर ना?

तांबडीतार
शंभर टक्के. म्हणून दोघांच्या चपट्या बाजू समोरासमोर आणून चिकटवतात आणि वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवतात. आयसीत दोघं सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर शेजारी-शेजारी असतात, तिथे हे आपोआप साधतं.

कोरीपाटी
या प्रयोगात एलईडी अर्धवट उजेडात राहतो हेही दिसलं. आणि इनपुटला लांब वायर जोडली की त्या जागी तो लुकलुकतो. कम्पॅरेटरने हो किंवा नाही एवढंच म्हणायला हवं ना?

बायसबिंदू
तुमच्या सर्किटमध्ये क्यू३ बंद ते पूर्ण चालू व्हायला इनपुटवर साधारण ५ ते १० मिलिव्होल्ट लागतात. त्या पट्टीत ते निव्वळ ॲम्प्लिफायर आहे. लांब वायरवर तेवढा गोंगाट सहज येतो.

उपाय म्हणजे आउटपुटचा थोडासा भाग इनपुटला परत द्यायचा, अशा दिशेने की झालेला निर्णय आणखी पक्का होईल. इनपुट आणि क्यू१चा बेस यांच्यामध्ये १० किलोओहम घाला. क्यू३च्या कलेक्टरपासून क्यू१च्या बेसपर्यंत १ मेगाओहम. इनपुट वाढलं, क्यू३ चालू झाला, त्याचा कलेक्टर वर गेला, त्याने क्यू१चा बेस आणखी वर उचलला. आता मधे कुठे थांबायला जागाच नाही.

चढताना आउटपुट शून्यावर असतं, म्हणून बेसवर ६ यायला इनपुट ६.०६ लागतं. एकदा उलटलं की आउटपुट ११.८, आणि ते परत उलटायला इनपुट ५.९४पर्यंत खाली यावं लागतं. मधले १२० मिलिव्होल्ट म्हणजे हिस्टेरेसिस. त्यापेक्षा कमी गोंगाट असेल तर तो निर्णय हलवू शकत नाही. ही कल्पना ऑटो श्मिट यांची. विद्यार्थी असताना, १९३४च्या सुमारास, स्क्विड या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंमधले विद्युत-स्पंद अभ्यासताना त्यांना ती सुचली. १९३८ला त्यांनी ती प्रसिद्ध केली, तीही अर्थात व्हॉल्व्हवर.

कोरीपाटी
लावलं. लुकलुक थांबली आणि आता 'टच्' खरोखरच होतं. पण माझे आकडे ५.९४ आणि ६.०६ आले नाहीत. चढताना ६.०६, उतरताना ५.९६. आणि एलईडी विझलेला असताना क्यू३च्या कलेक्टरवर शून्य नाही, १.५ व्होल्टच्या वर काहीतरी दिसतं.

तांबडीतार
दुसऱ्या निरीक्षणात पहिल्याचं उत्तर आहे. क्यू३ बंद झाल्यावर त्याच्या कलेक्टरला खाली ओढणारं कोण आहे? फक्त एलईडी. आणि एलईडी दीड-पावणेदोन व्होल्टच्या खाली प्रवाह वाहू देत नाही. त्यात १ मेगाओहममधून क्यू१च्या बेसकडून थोडा प्रवाह येतच असतो, तो कलेक्टरला वर तरंगत ठेवतो. म्हणून तुमचं आउटपुट ११.८ ते शून्य न हलता ११.८ ते दीडच्या वर इतकंच हलतंय, आणि पट्टी त्या प्रमाणात आकसली. क्यू३च्या कलेक्टरपासून ग्राउंडला १० किलोओहमचा एक रेझिस्टर लावा, एलईडीच्या रांगेला समांतर. खालचं टोक शून्याच्या अगदी जवळ जाईल.

बेस प्रवाहाचाही थोडा हात आहे. उंबरठ्यावर प्रत्येक बेसला २-३ मायक्रोअँपिअर लागतात. क्यू१चा बेस आता १० किलोओहमच्या मागे आहे, क्यू२चा डिव्हायडरच्या ५ किलोओहमच्या मागे. फरक ५ किलोओहमचा, म्हणजे १०-१५ मिलिव्होल्टची चूक. क्यू२च्या बेसमध्ये ४.७ किलोओहम घातला की दोन्हीकडची घट जवळपास सारखी होते आणि तीही वजाबाकीत जाते.

कोरीपाटी
१० किलोओहम लावल्यावर कलेक्टर ०.१च्याही खाली गेला, पट्टी आता जवळजवळ १२० मिलिव्होल्टची आहे. बेसमध्ये ४.७ही घातला.

घड्याळकाटा
संदर्भ ९ व्होल्ट केला तर हेच सर्किट चालेल का? मला १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर ९ तपासायचे आहेत.

बायसबिंदू
तुलना होईल, पण दोन गोष्टी जपा. पहिली जास्त महत्त्वाची. इनपुट शून्यावर असताना एमिटर ८.३५वर असेल, म्हणजे क्यू१चा बेस-एमिटर जोड ८.३५ व्होल्टने उलटा. बीसी५४७च्या डेटाशीटमध्ये ही मर्यादा ६ व्होल्ट दिलेली असते. तो जोड झेनरसारखा (उलट्या दिशेने प्रवाह सोडणाऱ्या डायोडसारखा) फुटतो, आणि वाईट म्हणजे ट्रान्झिस्टर मेल्यासारखा दिसत नाही, त्याचा गेन (प्रवाह किती पट वाढवतो ते) मात्र कायमचा घटतो. संदर्भ ६ असताना जास्तीत जास्त ५.३५ पडत होते, त्यामुळे निभावत होतं. सोपा उपाय म्हणजे इनपुटही निम्मं करून तपासणं: ९चे ४.५ करा आणि संदर्भही ४.५.

दुसरं, संदर्भ बदलला की ४.७ किलोओहममधला प्रवाह बदलतो आणि १.२ किलोओहमचं जमलेलं गणित मोडतं. त्याऐवजी खाली स्थिर प्रवाहाचा स्रोत ठेवा: तिसरा बीसी५४७, त्याच्या बेसपासून ग्राउंडला दोन १एन४१४८ डायोड एकामागे एक, बेसला १२ व्होल्टपासून १० किलोओहम, एमिटरमध्ये ५६० ओहम. १.१५ मिलिअँपिअरच्या आसपास मिळतो, संदर्भ कुठेही ठेवा. फक्त संदर्भ दीड व्होल्टच्या खाली नेऊ नका, स्रोताला जगायला तेवढी जागा हवी.

कोरीपाटी
मग संदर्भ ०.५ व्होल्ट हवा असेल तर? एनपीएनच्या जोडीत दोन्ही बेस ०.५वर असतील तर एमिटर ओढणारंच कोणी नाही.

तांबडीतार
बरोबर पकडलंत, दोघंही बंद राहतील. तिथे जोडी उलटी करायची. ३९३च्या दाराशी पीएनपी आहेत ते याचसाठी, म्हणून तो इनपुट ग्राउंडपर्यंत गेलं तरी नीट तुलना करतो. तुमच्यासाठी: दोन बीसी५५७, एमिटर एकत्र, तिथून १० किलोओहम १२ व्होल्टला. त्यावर जवळजवळ ११ व्होल्ट पडतात, म्हणून प्रवाह १.१ मिलिअँपिअरला बऱ्यापैकी टिकतो, वेगळा स्रोत लागत नाही. पीएनपीत ज्याचा बेस खाली तो एमिटरचा ताबा घेतो. इनपुट ०.५च्या वर गेल्यावर एलईडी लागायला हवा असेल तर इनपुटकडचा कलेक्टर थेट ग्राउंडला टाका, आणि संदर्भाकडच्या कलेक्टरला १.२ किलोओहम व आउटपुटच्या बीसी५४७चा बेस जोडा. ५४७चा एमिटर ग्राउंडला, एलईडी आणि १ किलोओहम त्याच्या कलेक्टरपासून १२ व्होल्टला. हीच बाजू निवडायची, कारण इनपुट शून्यावर आल्यावर एमिटर ०.६५ला बसतो. इनपुटच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर तेव्हा ५४७च्या बेसला जोडलेला असता तर त्याला कलेक्टर-एमिटरमध्ये काहीच व्होल्टेज उरलं नसतं.

हिस्टेरेसिसचा १ मेगाओहम मात्र आधीच्या जागी लावू नका. इथे एलईडी लागतो तेव्हा ५४७चा कलेक्टर खाली जातो, म्हणून तो संदर्भाच्या बेसला जोडा. आउटपुट खाली गेलं की संदर्भही थोडा खाली सरकेल आणि निर्णय पक्का होईल. किती सरकेल ते संदर्भाच्या डिव्हायडरवर ठरतं, आणि ०.५ व्होल्टच्या मानाने १०० मिलिव्होल्टची पट्टी फार रुंद होईल. तेव्हा आधी डिव्हायडरचे रेझिस्टर ठरवा, मगच तो १ मेगाओहम ठेवायचा की वाढवायचा ते पाहा.